सोळा ते अठरा: मुलांना गाडी 'शिकवायची' म्हणजे नक्की काय?

पेठेबाहेरची

मुलगा अकरावीत आहे, डिसेंबरात सतरा पूर्ण होतील. घर धायरीत, कॉलेज डेक्कनला, क्लास वडगावात. सिंहगड रोड ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बस येते ती भरून येते, रिक्षा रोज परवडत नाही, सोडा-आणायला आम्ही दोघंही मोकळे नसतो. त्याच्या बॅचमधली बरीच मुलं सरळ अ‍ॅक्टिव्हा घेऊन येतात. सोसायटीच्या ग्रुपवर एका पालकांनी तर लिहिलं, "आतल्या रस्त्याने जातो, तिथे पोलीस नसतो."

गाडी द्यायची नाही हे आमचं ठरलंय, त्यावर मतं नकोत. मला विचारायचंय ते पुढचं. अठरावा वाढदिवस झाला की कायद्याने तो मोकळा. पण आदल्या दिवशीपेक्षा त्या दिवशी त्याला जास्त काय येत असेल? ड्रायव्हिंग स्कूलवाले सकाळी चार चकरा मारून आणतात, लायसन्स काढून देतात, संपलं. तेवढं पुरतं का? आणि हातात गाडी न देता मधल्या काळात घरी काही शिकवता येतं का? कोणी नीट, ठरवून शिकवलं असेल तर सविस्तर लिहा.

जुनं_खोड

आम्ही नववीत लूना चालवली, अकरावीत वडिलांची एम-८० कॉलेजला नेली. तिघं बसून पानशेतला गेलो. लायसन्स कशाशी खातात माहीत नव्हतं. कोणी शिकवलं नाही, कोणी ट्रॅक दाखवला नाही. सगळे जिवंत आहोत. हल्लीचे पालक उगाच बाऊ करतात. (हलके घ्या.)

हाडवैद्य

@जुनं_खोड, जे जिवंत आहेत तेच इथे लिहितात, काका.

लूना उतारावर सोडली तरी पन्नाशीच्या पुढे कुरकुरायची. आजची कुठलीही स्कूटर मूठ पिळली की काही सेकंदांत साठ गाठते, तीही आवाज न करता. आणि तुमच्या वेळी त्या रस्त्यावर डंपर आणि काँक्रीट मिक्सर किती होते?

मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे. रात्री अकरानंतर स्ट्रेचरवर येणारे पेशंट पाहिले की वय विचारावं लागत नाही, ओठावर मिसरूड फुटलेलं असतं. नडगीचं हाड बाहेर, गुडघ्यात वाळू, आणि हेल्मेट कुठंय विचारलं की मित्र सांगतो, "होतं की, डिकीत." देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नसल्याने गेलेले ५० हजारांवर. हा सरकारी अहवालातला आकडा आहे, माझा नाही.

अजून एक. हेल्मेट घातलेलं असतं पण पट्टा लावलेला नसतो. धडक बसली की डोकं आपटायच्या आधी हेल्मेट उडून जातं. तो 'टक' आवाज आला नाही तर हेल्मेट घातलंच नाही असं समजा. आणि रस्त्याकडेला अडीचशे-तीनशेला मिळतात त्या टोप्या नकोत. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ लिहिलेलं, हनुवटी झाकणारं घ्या.

काळा_कोट

धागाकर्तीने मतं नकोत म्हटलंय, पण "पोलीस नसतो" म्हणणाऱ्या त्या पालकांसाठी कायदा लिहून ठेवतो. ग्रुपवर टाका खुशाल.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी धरला जातो तो पालक किंवा गाडीचा मालक. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि लोकांना माहीत नसलेला भाग हा की त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. म्हणजे नोकरी लागेल, लग्न ठरेल, लायसन्स नसेल. 'मला माहीत नव्हतं, मी काळजी घेतली होती' हे पालकाने सिद्ध करायचं. कोर्ट आधी माहीत होतं असंच गृहीत धरतं. किल्ली रोज दाराजवळच्या खुंटीला असेल तर सिद्ध काय करणार?

विम्याचं तर बोलायलाच नको. लायसन्स नसलेल्याने कोणाला उडवलं तर कंपनीला बऱ्याचदा समोरच्याला पैसे द्यायला लावतात, आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. माणूस कायमचा जायबंदी झाला असेल तर ती रक्कम राहतं घर विकायला लावणारी असते.

पेठेबाहेरची

धन्यवाद. पण सोळाव्या वर्षी विनागिअरचं लायसन्स मिळतं ना? क्लासमधले बरेच पालक तेच सांगतात.

काळा_कोट

मिळतं, पालकाच्या संमतीने. पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. अ‍ॅक्टिव्हा ११० ची, ज्युपिटरही तशीच. ५० सीसीची नवी पेट्रोल स्कूटर शोरूममध्ये मागून बघा, सेल्समन हसेल. म्हणजे लायसन्स खरं आणि गाडी बेकायदा. विम्यासाठी लायसन्स नसल्यासारखंच.

इलेक्ट्रिकचं विचारणार असाल तर, २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ च्या वर न जाणारी गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही. तिला नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. पण गल्लीतला मेकॅनिक एक वायर काढून तिचा वेग वाढवून देतो, आणि त्या क्षणी ती मोटार वाहन होते. मग वरचं सगळं लागू.

भटका_जोशी

कायदे कागदावर ठीक आहेत हो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं सगळ्या देशाने पाहिलं. भरधाव कारने दोन इंजिनिअर गेले, आणि ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला त्याच दिवशी जामीन, अट काय तर ३०० शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण. पैसा असेल तर…

कोथरूडची_कैरी

+१. तो निबंध शाळेच्या पुस्तकात छापायला हवा होता.

जुनं_खोड

छापतील, आणि तोही कोणीतरी लिहून दिलेला असेल.

संपादक

त्या प्रकरणावर स्वतंत्र धागा आहे, तिथे लिहा. कोर्टातली नावं इथे आणू नयेत. पुढचे तीन अवांतर प्रतिसाद उडवले आहेत.

कऱ्हाडकर

पुण्याचं पुण्यापाशी. आमच्याकडं पोरगं तेराव्या वर्षी ट्रॅक्टर चालवतंय. शेतात चालवतंय तवर कोण काय म्हणत नाही, पण रान आणि घराच्या मधी डांबरी सडक आहे. गाळप सुरू झालं की नोव्हेंबर ते मार्च त्याच सडकेवर ऊस. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. टायर पंक्चर झालं की भर रस्त्यात उभी, मागं दगड लावला की झालं. रात्री दुचाकीवाला पोरगा सत्तरनं येतो, समोरून जीपचा अप्पर, म्हणजे लांबचा झोत, डोळ्यावर, आणि त्या उजेडाच्या मागं काय उभंय ते दिसत नाही. दरवर्षी एखादं गाव सुतकात असतं.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पोरांना सवलत आहे, पण गाडी सकाळी सातला आणि नंतर थेट दुपारी. कॉलेज अकराला. मग बाप म्हणतो घेऊन जा. त्याला लाड म्हणता येत नाही. हे लिहितोय कारण 'गाडी देऊ नका' म्हणायला शहरात सोपं आहे. आमच्याकडं प्रश्न असा की देणारच आहेत, तर निदान शिकवा तरी. शाळेत कोण शिकवतंय? रस्ता सुरक्षा अभियान आलं की चित्रकला स्पर्धा. पोरं झेब्रा क्रॉसिंग काढत्यात. आमच्या तालुक्याच्या गावात एक झेब्रा क्रॉसिंग आहे, तेबी पुसलंय.

कोथरूडची_कैरी

शेवटचं वाक्य. अगदी अगदी.

क्लचप्लेट

धागा वाचतोय, आता लिहितो. पिंपरी-चिंचवड भागात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. धंद्यातला आहे म्हणून धंद्याचं सांगतो, सहकारी नाराज होतील.

नियमात चारचाकीच्या प्रशिक्षणाला कमीत कमी २१ दिवस आणि प्रत्यक्ष हातात स्टिअरिंग १० तास असं लिहिलंय. वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात एका फेरीत तीन-चार शिकाऊ बसवतात. एक चालवतो, बाकीचे मोबाइल बघतात. गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं. "सर, लवकर आटपा, टेस्टपुरतं शिकवा."

टेस्टपुरतं म्हणजे काय? भोसरीला आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा ट्रॅक आहे, पुण्यातल्या कारवाल्यांना तिथे जावं लागतं. आठचा आकडा, रिव्हर्समध्ये एच, चढावर थांबवून मागे न घसरता उचलणं. टेस्ट चांगली आहे. पूर्वी साहेबासमोर पन्नास मीटर पुढे नेली की पास व्हायचा, त्यापेक्षा खूपच चांगली. पण ती हातपाय तपासते. ट्रॅकवर रिक्षा आडवी येत नाही. तिथे कोणी फोनवर बोलत दुभाजकाच्या फटीतून बाहेर पडत नाही. आणि लर्निंगची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन होते, ती कोण देतं ते मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

आता एक गंमत. आमच्या गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. पहिला आठवडा शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण थांबवतोय. निम्म्या वेळा माझा पाय असतो. मग एक दिवस मी दोन्ही पाय वर घेतो, मांडी घालून बसतो, आणि सांगतो, "आता बघ." त्या दिवशी पोराची मान पहिल्यांदा वळते. तोपर्यंत बोनेटच्या टोकाकडे बघत चालवत असतो. पुढे कुठे बघायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. जिथे दहा-बारा सेकंदांनी पोचणार आहेस तिथे बघ, मग आरसा, मग परत लांब. गाडी नजरेच्या मागे जाते. नजर खड्ड्यावर खिळली की गाडी खड्ड्यात.

पेठेबाहेरची यांचा प्रश्न, गाडी न देता काय शिकवता येतं? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच शिकवता येतं. मुलाला शेजारच्या सीटवर बसवा, फोन काढून घ्या, आणि त्याला रस्ता बोलायला लावा. मोठ्याने. "बस स्टॉपवर उभी आहे, तिच्या पुढून माणूस निघेल. डावीकडे रिक्षा थांबली, आतला माणूस पैसे देतोय, दार नाही पण पाय बाहेर येईल. पुढच्या टेम्पोचा ब्रेक लाइट बंद आहे, अंतर वाढव. ती स्कूटरवरची बाई मान वळवून बघतेय म्हणजे वळणार, इंडिकेटरची वाट बघू नको." सुरुवातीला मुलं लाजतात. दोन-तीन आठवड्यांत तुमच्या आधी दिसायला लागतं त्यांना, आणि तुमच्या चुका काढायला लागतात. काढू द्या.

नववीच्या विज्ञानात गतीची तीन समीकरणं असतात. तिसऱ्याने परीक्षेत दोन मार्क मिळतात, पण रस्त्यावर तेच सगळ्यात कामाचं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे १७ मीटर तुम्ही नुसतेच गेलात. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. फोनवर 'ओके' टाइप करायला दोन सेकंद धरले तर ३३ मीटर डोळे मिटून. मी पोरांना मोकळ्या रस्त्यावर पावलांनी मोजायला लावतो. खडूने रेघ मारायची आणि चालत जायचं. फळ्यावर सांगून जे डोक्यात जात नाही ते पाय दुखले की जातं.

दुचाकीचं दुखणं वेगळं आहे, तिच्यासाठी कोणी क्लासला येतच नाही. मामा शिकवतो, नाहीतर मित्र शिकवतो, आणि पहिला सल्ला देतो, "पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी खाशील." याच सल्ल्याने जास्त पोरं जातात. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, पकड पुढच्या चाकाला मिळते, खरा थांबवणारा ब्रेक तोच. नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होऊन गाडी शेपटी हलवते. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना आता दोन्ही ब्रेक जोडलेले असतात, त्यावरच्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असतं, तरी हाताला सवय हवी. रविवारी सकाळी मोकळं मैदान गाठा, हँडल सरळ ठेवा, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. वीसच्या वेगाने सुरू करा. घाबरून मूठ आवळण्याची सवय मोडेपर्यंत करा. वळणात पुढचा जोरात दाबायचा नाही, वाळूवर नाही, पहिल्या पावसात पांढऱ्या पट्ट्यावर आणि ड्रेनेजच्या झाकणावर तर मुळीच नाही.

मोठ्या गाडीच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. पीएमपी बसच्या डाव्या बाजूने घुसणारी पोरं हे विसरतात.

बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

हाडवैद्य

'रस्ता बोलायला लावा' हे फार आवडलं. आजपासून लेकीवर प्रयोग.

जुनं_खोड

पुढच्या ब्रेकबद्दल पटलं बुवा. आमच्या लूनाला तो असून नसल्यासारखाच होता.

एडिसन_मुक्काम

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे मुलीचं नुकतंच झालंय म्हणून सांगतो. तुलना करून हिणवायचा हेतू नाही, रस्ते वेगळे, बस तर आमच्याकडेही नाही.

इथे लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. सोळाव्या वर्षी लेखी परीक्षा आणि मान्यताप्राप्त शाळेत सहा तास प्रत्यक्ष गाडी, मग परमिट. ते सहा तास काहीच नाहीत. खरी मेख पुढे आहे. निदान सहा महिने मोठ्या माणसाला शेजारी बसवून चालवायचं. फेब्रुवारी २०२५ पासून त्यात ५० तासांची अट आली, त्यातले १० अंधारात, आणि पालकाने तसं लिहून द्यायचं. सतराव्या वर्षी रोड टेस्ट पास झाली की प्रोबेशनरी लायसन्स मिळतं, पण रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी चालवायची नाही, घरचं मोठं कोणी सोबत नसेल तर गाडीत एकच मित्र, आणि फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही. नंबर प्लेटला लाल स्टिकर लावायचं म्हणजे पोलिसाला लांबून कळतं. पूर्ण लायसन्स अठराला.

एका मित्राची अट मला आधी हास्यास्पद वाटली होती. पण चार पोरं गाडीत असली की चालवणारा पाचवा रस्ता बघत नाही, हे दोनदा मागच्या सीटवर बसून पाहिलं.

पन्नास तास भरणं हे आई-बापाचंच काम आहे. शनिवारी ग्रोसरीला ती चालवणार, मंदिरात ती चालवणार, बर्फ पडल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये मुद्दाम घसरवून दाखवायचं. माझी बायको शेजारी बसली की दाराचं हँडल धरून "अगं अगं अगं" करते, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं. शेजारी बसणाऱ्याने काय करू नये याचाही क्लास हवा.

कऱ्हाडकर

पन्नास तास! आमच्याकडं शेजारी बसायला बापाला तरी कुणी शिकवलंय? त्यालाच येत नाही.

क्लचप्लेट

@कऱ्हाडकर, हाच मुद्दा. इथे लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. लोक एकतिसाव्या दिवशी येतात. मी प्रत्येकाला सांगतो, सहा महिने आहेत ना, वापरा की. पांढऱ्या पाटीवर लाल एल लावा, लायसन्सवाला शेजारी बसवा, आणि फिरा. एलची पाटी लावायला पोरांना लाज वाटते. उलट ती असली की मागचा हॉर्न कमी वाजवतो. बरं, निदान शिव्या जरा कमी देतो. दुचाकीला मागे शिकवणारा बसायलाच हवा असं नाही, पण मैत्रिणीला डबलसीट घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा की एका वेळी एकच अडचण वाढेल. आधी सकाळचा रिकामा रस्ता. मग त्याच रस्त्यावर ऑफिसच्या वेळी. मग पाऊस. मग रात्र, आणि रात्रीतही आधी दिव्यांचा रस्ता, मग अंधाराचा. समोरच्याचा अप्पर डोळ्यावर आला तर आपणही अप्पर मारून सूड घ्यायचा नाही. वेग कमी करायचा आणि डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवायची. कऱ्हाडकरांची ट्रॉली तिथेच उभी असते, म्हणून वेग इतकाच ठेवायचा की आपल्या दिव्याच्या उजेडात आपण थांबू शकू. आपला डिपर, म्हणजे खालचा झोत, पुढे जेमतेम चाळीसेक मीटर दाखवतो. वरचा हिशोब लावा, साठच्या पुढे गेलात की संपलं.

हायवे आणि घाट सगळ्यात शेवटी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या ठोकल्या. त्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे, इंजिन बंद करणारे आजही आहेत. गिअर काढला की इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पायाखाली नुसती स्पंज. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मदत करणारं व्हॅक्यूमही जातं. कारवाली पोरंही बापाचं बघून हे करतात. 'एवढ्याने कितीचं पेट्रोल वाचलं' असं मी एकाला विचारलं, तो म्हणाला, "बाबा करतात म्हणून." नव्या गाडीत तर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंधनाचं इंजेक्शन आपोआप बंद होतं, न्यूट्रलमध्येच जास्त जळतं.

नुकतीच_अठरा

सगळे आमच्याबद्दल बोलताय, आमच्यातलं कोणी नाही म्हणून खातं उघडलं. मार्चमध्ये अठरा झाले, लर्निंग हातात आहे.

एक, बाबा शिकवताना ओरडतात. ओरडले की मी रस्त्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. क्लचप्लेट काका म्हणतात तसं बाबांनी "आता ब्रेक" न म्हणता "पुढे काय दिसतंय?" असं विचारलं तर मला ब्रेक स्वतः सुचतो. हा धागा त्यांना फॉरवर्ड केलाय.

दोन, तुम्ही सांगता फोन नको, आणि स्वतः सिग्नलला रील बघता. मागे गाडी हॉर्न मारते तेव्हा कळतं हिरवा झाला. आम्ही दहा वर्षं मागच्या सीटवरून बघतोय. तोच खरा ड्रायव्हिंग क्लास होता आमचा.

तीन, हे जरा विचित्र वाटेल. नियम असला की बरं पडतं. ग्रुपमध्ये "ट्रिपल जाऊ, काही होत नाही" सुरू झालं की एकटीने नाही म्हणणं अवघड असतं, लगेच "काकूबाई" होते. पण "घरी कळलं तर गाडी कायमची काढून घेतील" म्हटलं की विषय संपतो. त्या न्यू जर्सीच्या मुलीला कायदाच हे कारण देतो. आम्हाला निदान घरून तरी द्या. आई-बाबांना व्हिलन व्हायला लागेल, पण आम्हाला सुटता येतं.

आणि रात्री कुठे अडकलो, चालवणारा मित्र प्यायलेला असेल, तर फोन केल्यावर घ्यायला या आणि गाडीत लेक्चर देऊ नका. दुसऱ्या दिवशी द्या. लेक्चरच्या भीतीने मुलं त्याच्याच मागे बसून घरी येतात.

हाडवैद्य

@नुकतीच_अठरा, तुझा शेवटचा परिच्छेद आमच्या कॅज्युअल्टीच्या दारावर लावायला हवा. रात्रीचे कितीतरी केस 'घरी फोन करायची भीती वाटली' इथून सुरू होतात. अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, थांबा. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, कलम १३४-अ मध्ये तसं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्तीही नाही. हेल्मेट मात्र ओढून काढू नका, मानेला इजा असेल तर तेवढ्याने पांगळा होऊ शकतो.

एडिसन_मुक्काम

मुद्दा तीन भारी. मुलीने वाचलं, म्हणाली एक्झॅक्टली.

पेठेबाहेरची

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल मुलाला शेजारी बसवून धायरी फाट्यापर्यंत 'रस्ता बोलायला' लावलं. पहिली पाच मिनिटं "रिक्षा… रिक्षा… रिक्षा… आई, सगळ्याच रिक्षा आहेत." मग अचानक म्हणाला, "तो पाण्याचा टँकर रिव्हर्स येणार, माणूस उतरून मागे गेलाय." मला तो माणूस दिसलाच नव्हता. क्लाससाठी दोन घरांनी मिळून रिक्षा महिन्यावर लावतोय, जुनी गिअरची सायकल बाहेर काढली आहे, सोसायटीपासून आतल्या रस्त्यांवर. अठरानंतर लर्निंगचे पूर्ण सहा महिने वापरणार, नवऱ्याने शेजारी बसायचं, माझं "अगं अगं" होईल याची खात्री आहे.

@क्लचप्लेट, सायकलवर असताना काय सवयी लावू?

क्लचप्लेट

उलट्या बाजूने जायचं नाही, 'सायकलच आहे' म्हणून नाही. वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं आणि हात दाखवायचा. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून दार उघडेल इतकं लांब. कानात काही नाही. मागे लाल दिवा. सायकलवर जो सिग्नलला थांबतो तो स्कूटरवर थांबतो, असा माझा अनुभव आहे. अपवाद असतील.

नुकतीच_अठरा

काका, एक विचारायचं होतं. जुलैत ताम्हिणीने कोकणात जायचंय. बाबा म्हणतात, लर्निंग आहे, मी शेजारी आहे, घाट तू चालव. चालवू का?

क्लचप्लेट

जुलैत नको. धुकं, पाऊस, वळणं आणि शनिवारची गर्दी, चार अडचणी एकदम. मुळशीपर्यंत तू चालव, घाटाआधी बाबांना दे आणि शेजारी बसून रस्ता बोल. ऑक्टोबरात कोरड्या दिवशी सकाळी परत जा, तेव्हा चालव. उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असतीस तोच ठेव, उतार लागायच्या आधीच टाक. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपली बाजू सोडायची नाही. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. धुक्यात डिपर, अप्पर मारलास तर पांढरी भिंत दिसेल. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून जायचं नाही, मागच्याला कळत नाही तू वळतेयस की थांबलीस. आणि वळणावर धबधबा बघायला थांबायचं नाही.

नुकतीच_अठरा

ते बाबाच थांबवतात.

क्लचप्लेट

मग बाबांना सांग, वळण संपलं की बाजूला जागा असते, तिथे लावा आणि चालत मागे या. भजीची गाडीही तिथेच असते.